साडेपाचचा ग्लास

धाकटी : ही सव्वाशे मायक्रोग्रॅमची गोळी मी तुला देणार नाही, ताई.

ताई : म्हणजे काय? डॉक्टरांनी लिहून दिलीय. चिठ्ठी वाचायची आणि गोळी काढून द्यायची, एवढंच तुझं काम.

धाकटी : वीस वर्षं या औषधाच्या दुकानात मी नुसत्या पिशव्या भरत नाहीये. ये, आत ये, त्या स्टुलावर बस. दुपारचं कोणी फिरकत नाही.

ताई : गाडी बाहेर उभी आहे माझी.

धाकटी : 'शिकाऊ चालक' लिहिलेली गाडी कोणी चोरत नाही. बस. तुझी थायरॉईडची गोळी पंच्याहत्तरची होती. किती वर्षं?

ताई : नऊ.

धाकटी : नऊ वर्षं पंच्याहत्तरवर सगळं सुरळीत. चार महिन्यांपूर्वी शंभर झाली, आणि आज सव्वाशे. मधे असं काय घडलं?

ताई : वय वाढलं. दुसरं काय घडायचंय?

धाकटी : वय सगळ्यांचंच वाढतं. माझं बघ, तुझ्या मागे मागेच येतंय. स्वेटर का घातलायस? मी पंखा लावून बसलेय.

ताई : गारठल्यासारखं होतं हल्ली. आणि झोप. पुस्तक उघडलं की झोप, टीव्ही लावला की झोप. घरात ठीक आहे गं. पण काल...

धाकटी : काल काय?

ताई : ती दातांची डॉक्टर शिकायला येते ना माझ्याकडे. दुसऱ्याच्या तोंडात बिनधास्त ड्रिल घालते, पण गाडी मागे घ्यायची म्हटलं की हातपाय गळतात तिचे. काल तिनं घेतली मागे. ब्रेकऐवजी दाबला ॲक्सिलरेटर.

धाकटी : तुझ्या बाजूला दुसरा ब्रेक असतो की.

ताई : असतो. माझा पायही त्याच्यावरच होता. मला दिसत होतं, कळत होतं, की आता दाबायचा. आणि पाय दाबलाच गेला नाही. दाबला, पण उशिरा. कचऱ्याचं पिंप आडवं झालं. पिंपाच्या मागे दोन पावलांवर एक बाई लेकराला कडेवर घेऊन उभी होती.

धाकटी : लागलं कोणाला?

ताई : नाही. पण बावीस वर्षांत पहिल्यांदा माझा पाय मला दगा देऊन बसला. ती दातांची डॉक्टर मलाच पाणी पाजत होती. आज सकाळी ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकिणीनं बोलावलं. बोलली गोडच. म्हणाली, तपासून घ्या, नाहीतर आता ऑफिसचं काम बघा. मी म्हटलं, राजीनामाच देते.

धाकटी : दिलास?

ताई : पर्समध्ये आहे. तू गोळी देतेस का?

धाकटी : थांब जरा. गोळी कधी घेतेस?

ताई : उठल्याउठल्या. रिकाम्या पोटी. हे सगळं तूच पढवलंयस मला.

धाकटी : कशाबरोबर घेतेस?

ताई : कशाबरोबर म्हणजे? पाण्याबरोबर.

धाकटी : ताई, लहानपणी खोटं बोलताना तू कानाची पाळी चोळायचीस. आत्ताही चोळतेयस.

ताई : ...दुधाबरोबर.

धाकटी : दुधाबरोबर?

ताई : सोयाच्या. हे देतात.

धाकटी : भावोजी देतात? भावोजींना घरात साखर कुठे असते ते तरी माहीत आहे का?

ताई : आता सगळं माहीत झालंय. रिटायर झाल्यावर त्यांचं कोलेस्टेरॉल निघालं नाही का जास्त? डॉक्टर म्हणाले, लोणी कमी करा, डाळी, सोया असं काहीबाही खा. ह्यांनी नेमकं सोया तेवढं उचललं. घरात दुसरं बोलणं नाही. रात्री सोयाबीन भिजत घालतात, पहाटे साडेपाचला उठून वाटतात, फडक्यातून गाळतात, वीस मिनिटं उकळतात, तेही घड्याळ लावून. आणि मग माझ्या उशाशी आणून ठेवतात. एका हातात ग्लास, दुसऱ्या हातात बशी. बशीत माझी गोळी.

धाकटी : बशीत गोळी.

ताई : मी विसरू नये म्हणून. पहिल्या दिवशी मला वाटलं, कोणीतरी गेलं. एवढ्या पहाटे हा माणूस जागा, आणि माझ्या उशाशी उभा.

धाकटी : हे कधीपासून?

ताई : झाले की सहा महिने.

धाकटी : आणि गोळीचा आकडा कधीपासून चढतोय? त्यानंतरच ना? अगं, सोया ती गोळी अंगात नीट शोषलीच जाऊ देत नाही. दोन्ही एकाच वेळी पोटात गेली की गोळी निम्मीशिम्मी वाया जाते. तुझ्या थायरॉईडला काही झालेलं नाही, ताई. गोळी पोचतच नाहीये. डॉक्टरांना सांगितलंस का दुधाचं?

ताई : त्यांनी विचारलं, गोळी रोज घेता का? मी म्हटलं, रोज. आता ते विचारत नाहीत तर मी काय आमच्या स्वयंपाकघराची हकिगत सांगत बसू?

धाकटी : झालं तर मग. भावोजींना आजच सांग, आणि विषय संपव.

ताई : नाही.

धाकटी : नाही म्हणजे?

ताई : त्यांना सांगायचं नाही. तूही सांगायचं नाहीस. मी गुपचूप आधी पाण्याबरोबर गोळी घेईन आणि मग दूध पिईन.

धाकटी : दोन मिनिटांच्या अंतरानं भागत नाही. सोयाचं असेल तर तीन-चार तास जाऊ द्यायचे.

ताई : मग दूध कुंडीत ओतेन.

धाकटी : एवढं आवडतं का तुला ते?

ताई : ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं. पण तुला नाही कळायचं. एकतीस वर्षं त्या माणसाला रात्री-बेरात्री फोन यायचे, अमक्या इमारतीत लिफ्ट अडकली, तमक्या दवाखान्यात लिफ्ट अडकली. जेवता जेवता उठून जायचे. मुलांच्या शाळा, आजारपणं, सासूबाईंचं शेवटचं वर्ष, सगळं मी बघितलं. तक्रार नाही, कामच होतं तसं. पण या एकतीस वर्षांत मला अंथरुणात कोणी पाणीसुद्धा आणून दिलं नव्हतं. आणि आता मी सांगू, की तुम्ही प्रेमानं दिलंत त्यानंच मी आजारी पडले?

धाकटी : ताई...

ताई : गप्प. हेच आले. काचेतून दिसतायत. थर्मास घेऊन आलेत बघ.

भावोजी : आहेस ना इथे? मला वाटलंच. सकाळचं अर्धं टाकून गेलीस, म्हणून थर्मासमध्ये आणलंय. काय मेव्हणीबाई, धंदा काय म्हणतोय?

धाकटी : लोक आजारी पडतायत, चाललंय. तुमची तब्येत कशी?

भावोजी : एकदम ठणठणीत. कोलेस्टेरॉल उतरलं थोडं. डॉक्टर म्हणाले, त्यात लोणी सोडल्याचा वाटा मोठा, सोयाचा लहान. मी म्हटलं, लहान तर लहान. आमच्या कट्ट्यावरच्या एकानं मात्र घाबरवलंच होतं. म्हणे, सोया खाऊन पुरुषाची दाढी यायची थांबते, आवाज बारीक होतो.

धाकटी : मग?

भावोजी : मग काय, पंधरा दिवस रोज आरशात दाढी तपासली. शेवटी डॉक्टरांनाच विचारलं. ते इतके हसले, की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले. म्हणाले, रोजचा एखादा ग्लास पिऊन कोणाची दाढी जात नसते. धर गं, पी. आज जरा घट्ट केलंय.

ताई : घट्ट कशाला?

भावोजी : तुझ्या अंगात ताकद नाही म्हणून. सकाळी तू ऑफिसातून निघालीस आणि तुझ्या मालकिणीचा फोन आला. पिंपाचं कळलं मला.

ताई : तिला काय गरज होती?

भावोजी : तू सांगितलं नाहीस, म्हणून तिला गरज पडली. मला काय दिसत नाही? नऊ वाजता झोपतेस. वाक्य अर्धं टाकून देतेस. तू पेंगायला लागलीस म्हणून तर मी लहान ग्लास काढून मोठा ग्लास सुरू केला.

धाकटी : मोठा कधी केलात?

भावोजी : तीन महिने झाले असतील. का?

धाकटी : काही नाही. भावोजी, मी काय म्हणते, हे दूध ताईला सकाळी नका देऊ. दहा-साडेदहाला देत जा.

भावोजी : का?

धाकटी : पचायला बरं.

भावोजी : सहा महिने पचत होतं, आजच काय झालं?

ताई : अहो, ती सांगतेय तर ऐका की.

भावोजी : मी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्ट अडकली की आतले चारही जण सांगायचे, आम्ही काहीच केलं नाही, आपोआप अडकली. तुमच्या दोघींचे चेहरे आत्ता तसे दिसतायत. सरळ सांगा, बिघाड कुठे आहे?

ताई : कुठे नाही.

भावोजी : ही चिठ्ठी कसली? सव्वाशे. शंभरची होती ना? बशीत मीच काढून ठेवतो, मला पाठ आहे. वाढवली का? मेव्हणीबाई, हिचा थायरॉईडचा आकडा कधीपासून बिघडला?

धाकटी : ...सहा महिन्यांच्या आतबाहेर.

भावोजी : दूध सहा महिने.

(भावोजी ताईच्या हातातला थर्मास काढून घेतात. त्याचं झाकण घट्ट लावतात.)

भावोजी : म्हणजे मीच.

ताई : तुम्ही नाही हो.

भावोजी : मीच की. ती थकली की मी मोठा ग्लास देतोय. मोठा ग्लास दिला की ती आणखी थकतेय. आणि मी म्हणतोय, अजून घट्ट करू. पिंपामागची ती बाई दोन पावलं पुढे असती, तर...

ताई : कोणाला लागलेलं नाही.

भावोजी : लागलं असतं तर?

धाकटी : भावोजी, आधी बसा. त्या खोक्यावर बसा, सलाइनच्या बाटल्या आहेत, मोडत नाहीत. तुम्ही विष पाजलेलं नाही. दूध चांगलं आहे, गोळीही चांगली आहे. दोघं एकाच वेळी तुमच्या लिफ्टच्या दारात घुसले आणि दार अडकलं, एवढंच. एकाला आधी वर जाऊ द्यायचं, दुसऱ्यानं थांबायचं.

भावोजी : कायमचं नुकसान?

धाकटी : नाही. मी तुमच्या समोरच डॉक्टरांना विचारते. बसा. ...हॅलो, डॉक्टर, मेडिकलमधून बोलतेय. माझ्या बहिणीचं, सव्वाशेचं. हो. डॉक्टर, ती सहा महिने गोळी सोयाच्या दुधाबरोबर घेत होती. हो, घरचं. मोठा ग्लास. ...नाही, तिनं सांगितलं नाही. बहीण आहे, काय करणार. ...बरं. म्हणजे पुन्हा पंच्याहत्तर? नुसत्या पाण्याबरोबर. सहा आठवड्यांनी रक्त. ...गाडीचं विचारते, ती शिकवते. ...बरं. सांगते. थँक यू. ऐकलंत?

ताई : गाडीचं काय म्हणाले?

धाकटी : रक्ताचा नवा रिपोर्ट येईपर्यंत रस्त्यावर नाही. आणि सव्वाशे आत्ता घेतली असतीस आणि पुढे कधी दूध सुटलं असतं, तर गोळी जास्त होऊन छाती धडधडायला लागली असती. मी उगाच आडवी येत नाही.

ताई : सहा आठवडे मी काय करू?

भावोजी : वर्गात शिकव. फळ्यावर रस्त्यावरच्या खुणा काढून दाखवायला तुमच्याकडे कोणी धड माणूस नाही, तूच सांगतेस. मी चलतो मालकिणीकडे तुझ्याबरोबर. दुधाचं मी सांगतो.

ताई : तुम्ही काय सांगणार?

भावोजी : जे झालं ते. तुझा पाय चुकलेला नाही, माझा ग्लास चुकला. आणि पर्समधला तो कागद इकडे दे. मालकिणीनं तेही सांगितलंय, की तू तिथेच राजीनामा लिहून पर्समध्ये टाकलास.

ताई : ...घ्या.

भावोजी : मेव्हणीबाई, तुमच्याकडे कचऱ्याचा डबा?

धाकटी : पायाजवळ आहे. फाडून टाका नीट.

ताई : अहो, एक सांगू? ते दूध मला कधीच आवडलं नाही.

भावोजी : ते माहीत होतं. पिताना तू डोळे मिटायचीस.

ताई : मग देत कशाला राहिलात?

भावोजी : पीत होतीस म्हणून.

धाकटी : देवा. मी जरा आत जाऊन पंच्याहत्तरची पट्टी शोधते. तुमचं चालू द्या.

भावोजी : जाऊ दे. आता माझ्यापुरतं करत जाईन, सावकाश आठ वाजता. पहाटे उठायचं काही कारण उरलं नाही.

ताई : माझी गोळी कोण देणार?

भावोजी : आता तर नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. नळ सोडला की पाणी.

ताई : नळ स्वयंपाकघरात आहे.

भावोजी : मग?

ताई : मग काही नाही. मी आपलं सांगितलं, नळ कुठे आहे ते.

भावोजी : ...कोमट की साधं?