सल्ल्याचं शिल्डिंग

शिल्डिंगचं, म्हणजे बाहेरच्या विजेचा त्रास अडवणाऱ्या तारेवरच्या जाळीचं म्हणशील तर ते मी दोन प्लेट मिसळीवर शिकलो. उद्यमनगरात मी भट्टीची उष्णता दाखवणारा मीटर बनवला होता, आणि त्याचा काटा नुसता लेझीम खेळायचा. दुपारी जयसिंगपूरचे पाटील तो न्यायला येणार! शेजारचे दोन वर्कशॉपवाले, शिंदे आणि मुल्ला, दोघंही इंजिनिअर. त्यांनाच बोलावलं.

"तारेवरच्या शिल्डिंगचं एकच टोक अर्थिंगला जोड," शिंदे म्हणाला.

"खुळा हाईस का? दोन्ही जोड!" मुल्ला ओरडला.

भांडण पेटलं, आणि काटा गप्प!

"बघ, म्हटलं न्हवतं?" दोघंही एकदम. तारेला अजून कुणी हातसुद्धा लावला नव्हता. मिसळ चापून ते गेले, आपापलं वेल्डिंग सुरू केलं, आणि काटा परत नाचायला लागला.

पाटील दारात दिसताच मी शिंदे-मुल्लाला हाक मारली, "अरं या, सल्ला पायजे!" दोघं हातातलं वेल्डिंग टाकून पळत आले. काटा ढिम्म. पाटील खूश होऊन मीटर घेऊन गेले.

आठवड्यात त्यांचा ट्रंककॉल. "काटा लई उड्या मारतोय की वो!"

"शेजारी कोण हाय?"

"वेल्डिंगवाला."

"मग त्याला सल्ला विचारत जावा की!"