सत्तेचाळीस नंबरचं दार

(जुनी वस्ती पाडून तिथल्यांना नव्या खोल्या वाटण्याचं सरकारी कार्यालय. खिडकीच्या आत कारकून. बाहेर आजी आणि मोबाइल धरून तिची नात. मागे रांग.)

कारकून : आजी, कागद म्हणजे कागद. सिनेमा म्हणजे कागद नव्हे.

नात : पण सर, तुमच्याच नोटिशीत लिहिलंय. कागद नसल्यास 'अन्य सबळ पुरावा' चालेल.

कारकून : सबळ म्हणजे शाळेचा दाखला, दवाखान्याचा केसपेपर. पन्नास वर्षांपूर्वी तुमचं माणूस त्याच खोलीत राहत होतं, हे दिसायला हवं. तेव्हापासून जे आहेत त्यांना नवी खोली. बाकीच्यांनी सामान बांधायचं. नियम मी केलेला नाही.

आजी : कागद होते हो. ट्रंकेत होते. ट्रंक सिनेमावाल्यांनी नेली.

कारकून : कुणी?

आजी : पन्नास वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत चोराचा सिनेमा काढला ना त्यांनी. चोराचं घर म्हणून आमची खोली धरली. म्हणाले, सामान फार आहे, गरीब वाटत नाही. ट्रंक, दोन खुर्च्या, घड्याळ, सगळं हातगाडीवर घालून नेलं. खुर्च्या आल्या, घड्याळ आलं. ट्रंकेचा अजून पत्ता नाही.

नात : म्हणून म्हणते सर, ज्या सिनेमानं कागद नेले, त्यानंच पुरावा द्यावा. हा घ्या मोबाइल, बघा.

कारकून : एक मिनिट, एक मिनिट. हा? शेवटी पोलीस त्याचा छपरांवरून पाठलाग करतात तो?

आजी : छपरं आमचीच. शेजारणीचे दोन पत्रे फुटले. अजून बोलते ती मला.

कारकून : अहो, हा सिनेमा मी अकरा वेळा पाहिलाय! आमच्या चित्रपट मंडळात मी यावर निबंध वाचला होता. काय त्या भिंती! ओल, काजळी, उडालेला रंग! गरिबीचा नुसता वास येतो हो पडद्यावरून!

आजी : वास रंगाचा होता.

कारकून : म्हणजे?

आजी : पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरायला नको? आख्ख्या गल्लीनं आदल्या दिवशी भिंती रंगवल्या. आमचे हे पाट्या रंगवायचे दुकानांच्या. ह्यांनीच सगळ्यांना रंग कालवून दिला. मोरपंखी. आम्ही बायकांनी भांडी लखलखीत केली, पोरांना आंघोळी घातल्या. सकाळी त्यांचे मोठे साहेब आले...

नात : दिग्दर्शक.

आजी : तेच. गल्ली बघितली आणि डोक्याला हात लावून गटाराच्या कडेला बसले. म्हणाले, काल इथं गरिबी होती, ती कुठं गेली? मग चार माणसं दोन दिवस काजळी फासत बसली. पोरांना पुन्हा चिखलात लोळवलं. पोरं खूश.

कारकून : माझ्या निबंधाची पहिली तीन पानं गेली.

आजी : रागावू नका. भिंती छान दिसतात, तुमचं खरं आहे.

कारकून : ते राहू द्या. घर तुमचंच कशावरून?

नात : दार बघा. सत्तेचाळीस. आमच्या दारावर आजही तोच नंबर आहे. तुमच्या यादीतही तोच.

कारकून : अरे हो, तो नंबर! त्यावर तर माझा सगळा भर आहे. एका दृश्यात नंबर दिसतो, पुढच्यात गायब, मग पुन्हा हजर. व्यवस्था गरिबाची ओळख पुसते, आणि ती ओळख पुन्हा उसळून...

आजी : हे पुन्हा रंगवायचे.

कारकून : काय?

आजी : इतका टापटीप नंबर चोराच्या दाराला शोभत नाही म्हणून ते लोक पुसायचे. हे सकाळी उठून, दात घासायच्या आधी, पुन्हा काढायचे. वळणासकट. म्हणायचे, खोली चोराला दिलीय, दार दिलेलं नाही. आठ दिवस हाच तमाशा. शेवटी मोठ्या साहेबांनी हात जोडले आणि ह्यांना सिनेमात काम दिलं.

कारकून : कसलं काम?

आजी : मेल्याचं.

नात : चोराचा बाप मरतो ना सर, दारात ठेवलेला असतो. ते आमचे आजोबा.

आजी : ह्यांनी अट घातली. मरतो म्हणाले, पण नंबर पुसायचा नाही.

कारकून : थांबा. बावन्नावं मिनिट! मागे दार, पुढे चादर, चादरीबाहेर एक पाऊल. आणि त्या पायाचा अंगठा हलतो! आजी, त्या अंगठ्यावर जाणकारांनी लेख लिहिलेत. गरीब मेला तरी त्याची जगण्याची इच्छा...

आजी : मुंगी चावली होती.

कारकून : आजी, असं नका हो म्हणू.

आजी : लाल मुंगी. तासभर पडून होते बिचारे. दोनदा घोरले, तेव्हा मी हलवून उठवलं. तिसऱ्यांदा मुंगी चढली. साहेब म्हणाले पुन्हा घेऊ, तर उजेड गेला.

कारकून : म्हणजे लेखसुद्धा... जाऊ दे. आता नियम ऐका. घर दिसलं, मान्य. पण माणूस? चादरीबाहेर नुसतं पाऊल आहे. पाऊल काय, कुणाचंही असेल.

नात : तिथंच थांबवा. आता चित्र मोठं करून करंगळी बघा. शेजारच्या बोटावर चढून बसलीय की नाही?

कारकून : बसलीय.

नात : आता हे बघा.

कारकून : अहो, पाय खाली घ्या! सरकारी खिडकी आहे ही!

नात : करंगळी बघा आधी.

कारकून : ...बसलीय.

आजी : माझ्या मुलाची तशीच होती, हिची तशीच. चपला घेताना दुकानदार रडकुंडीला येतो.

कारकून : आख्खी रांग बघतेय. घ्या पाय खाली. आता मी शिक्का पायावर मारू का?

नात : कागदावर मारा ना.

कारकून : आणि वरच्या साहेबांनी विचारलं तर? सोबत काय जोडलंय, तर मेलेला पाय?

आजी : सांगा, हलतोय.

कारकून : हसवू नका आजी, माझी नोकरी आहे. ...बरं. लिहितो. 'अन्य सबळ पुरावा : चित्रपट, बावन्नावं मिनिट. दार क्रमांक सत्तेचाळीस. दारात अर्जदाराच्या पतीचं डावं पाऊल. करंगळी वंशपरंपरेनं वाकडी, समक्ष पाहिली.' इथं अंगठा करा.

आजी : सही येते मला.

कारकून : अरे वा! अक्षर तर छापल्यासारखं आहे.

आजी : पाटीचं अक्षर आहे. ह्यांनीच शिकवलं. दुसरं वळण येत नाही मला.

कारकून : एकच रकाना राहिला. पती हयात?

नात : नाहीत सर. मागच्या वर्षी गेले.

आजी : त्याच दारात ठेवलं होतं. लोक रडत होते आणि मी आपली अंगठ्याकडे बघत बसले. वेडी म्हणाले मला सगळे. खूप वेळ बघितलं हो मी.

नात : आजी, पुरे आता.

कारकून : ...झालं आजी. शिक्का मारला. आता तुमची नवी खोली कुणी घेत नाही.

आजी : देव तुमचं भलं करो. साहेब, एक विचारू? ते बावन्नावं मिनिट पुन्हा दाखवता?

कारकून : दाखवतो की. रांग थांबेल थोडी. पुढं पाठलागापर्यंत जाऊ दे?

आजी : नको. अंगठा हलला की थांबवा. पुढं त्यांना उचलून नेतात.