आमच्या छपरावरची काळी धूळ

मी भिलाईचीच. बाबा भंडाऱ्याकडचे, धानाच्या खेड्यातले, प्लांटमध्ये कोक ओव्हनले लागले अन् सेक्टरमध्ये क्वार्टर भेटला, तिथंच आमी भावंडं वाढलो. घरी मराठी, दाराबाहेर पाय टाकला का हिंदी. बाबा कमी शिकलेले, पण जेवता जेवता सवाल टाकत, सांग बरं, भाताच्या गंजावरचं झाकण कावून उडते? मी म्हणो वाफेनं. ते म्हणत, अन् वाफेत एवढी ताकद कुठून आली? उत्तर नाई आलं तं रागवत नसत, म्हणत पाह्य मंग चुलीवरच्या गंजाजवळ बसून. मले विज्ञानाची गोडी तिथून लागली, शाळेतून नाई. शाळेत तं आमाले फळ्यावरचं उतरवून घ्या एवढंच.

मंग बी.एस्सी. झाली, बी.एड. झाली, अन् हथखोजच्या पलीकडं एका वस्तीतल्या सरकारी शाळेत विज्ञानाची मॅडम म्हणून लागली. शाळेच्या मागं कारखाना. नाव घेत नाई, घेऊन काय करू? आजूबाजूले तसे पुष्कळच आहेत.

काय सांगू तुमाले, पयल्याच दिवशी मी विचारलं, सर, विज्ञानाचं सामान कुठं आहे? हेडमास्तर म्हणाले, है ना मॅडम, सब है. अन् मले एक लोखंडाची अलमारी दाखवली, भल्लं मोठं कुलूप. आत सारं होतं बाप्पा! मायक्रोस्कोप, प्रिझम, चुंबकं, काचेच्या नळ्या, डब्यातून बाहेरच नाई निघालेलं. मी म्हटलं चाबी द्या. म्हणतात, बच्चे तोड़ देंगे, जवाबदार कौन? अहो, पोरांसाठीच आलं ना ते? मंग कोणासाठी आलं? इन्स्पेक्शनसाठी! साहेब आले का कुलूप उघडाचं, साहेब गेले का लावाचं. आजही आठवते तं डोकं तापते माहं. पोट्टे पुस्तकात मायक्रोस्कोपचं चित्र काढून राहिले, अन् खरा मायक्रोस्कोप भिंतीच्या त्या बाजूले अंधारात बसला आहे.

मंग मी म्हटलं, ठेवा तुमची अलमारी. कबाडीकडं गेली, फुटक्या स्पीकरमधली चुंबकं काढून आणली. बल्बाची काच साफ करून पाणी भरलं, त्याचं भिंग केलं. जोड्याच्या डब्याले सुईनं भोक पाडून कॅमेरा केला, त्याच्यात बाहेरचं झाड उलटं दिसलं तं पोरं बाकावर चढले. शेजारच्या वर्गातले गुरुजी येऊन म्हणाले, मॅडम, आपकी क्लास में बहुत हल्ला होता है. म्हटलं होऊ द्या, झोपलेल्या वर्गाचा गोंगाट नसते होत.

तं चुंबकाचा धडा होता. मी पोरांइले सांगितलं, आपापल्या घरून माती आणा, धूळ आणा, आपण चुंबक फिरवून पाहू. रुखमिन नावाची पोरगी, सातवीतली, गप्प राहाची, मागच्या बाकावर बसाची. तिनं कागदाच्या पुडीत घराच्या छानीवरची, म्हणजे कौलाच्या छपरावरची, काळी धूळ आणली. कागदाखालून चुंबक फिरवलं, अन् ते धूळ उभीच झाली, अंगावर काटा यावा तशी, चुंबक जिकडं जाईन तिकडं तेही जाऊन राहिली. वर्ग ओरडला. ओरडली नाई फक्त रुखमिन. ते मले तिच्या छत्तीसगढीत विचारते, मॅडम, ये हमर घर म कहाँ ले आइस? हे आमच्या घरात कुठून आलं?

पाहा तुमी, किती सरळ सवाल! मी म्हटलं चला, शोधू. पांढऱ्या कागदांइले खोबऱ्याचं तेल लावलं, अन् पोरांइनं ते आपापल्या छपरावर गोट्यानं दाबून ठेवले. काही कारखान्याच्या भिंतीजवळ, काही शाळेजवळ, काही पार तलावाकडं. कागद परत आणले तं कोणाले काही सांगाची गरजच नाई पडली. भिंतीजवळचे काळेकुट्ट, तलावाकडचे मळकट. वाऱ्याची दिशाही पोरांइनं पतंगाची शेपटी बांधून पाहिली. मी त्यांइले बजावलं, हे पाहा, चुंबकाले चिकटते म्हणजे याच्यात लोखंड आहे एवढं आपण म्हणू शकतो, कोणत्या चिमणीतून आलं ते यावरून नाई म्हणता येत. रुखमिननं चार्टवर तेच लिहिलं, कागद चिकटवले, खाली लिहिलं, यह धूल कहाँ से आती है, हम अभी नहीं जानते. कोणावर बोट नाई, काही नाई.

मंग आला विज्ञान मेळा. पाहुणे कोण? त्याच कारखान्याचे मालक, शाळेले पंखे दिले होते त्याइनं. मी सकाळी गेली तं चार्ट जागेवर नाई! तिथं थर्माकोलचा ज्वालामुखी, बाजारातून आणलेला, लाल रंगाचा, अन् त्याच्या मागं रुखमिनले उभी केली. मी हेडमास्तरांइले म्हटलं, हे काय आहे? म्हणतात, मॅडम, मेहमान के सामने ऐसी चीज़ शोभा देती है क्या? मी म्हटलं, अन् भिलाईत ज्वालामुखी शोभते का? कोणत्या सेक्टरमध्ये आहे तो? तेवढ्यात गाडी आलीच, ते हार घेऊन पळाले.

मालक फिरत फिरत रुखमिनपाशी आले. खोटं कावून बोलू, प्रेमानंच विचारलं त्याइनं, बेटी, ये क्या बनाया है? अन् ते पोरगी, जिचा आवाज वर्गात ऐकू येत नसे, म्हणते, सर, ये मैंने नहीं बनाया, ये बाजार से आया है. मेरा वाला अलमारी में बंद है.

मालक हसले, म्हणाले अच्छा अच्छा, अन् समोसे खायले निघून गेले. पाहाची इच्छाही नाई झाली त्या माणसाले! मले तं त्या हसण्याचाच जास्त राग आहे.

दुसऱ्या दिवशी तिच्या मायले बोलावलं. ते त्याच कारखान्यात झाडू मारे. हेडमास्तर तिले म्हणून राहिले, तुम्हारी लड़की बदतमीज़ है, नाम काट देंगे. मी मधात बोलत होती तं मले चूप केलं. त्या बाईनं चार्ट मागितला, अलमारीतून काढायले लावला, हात फिरवला त्याच्यावर अन् म्हणाली, ये तो मोर छानी के धुर्रा आय गुरुजी, एमा लबारी का हे? याच्यात खोटं काय आहे, एवढंच विचारलं तिनं. अन् पोरीचा हात धरून वर्गात नेऊन बसवलं. नाव नाई कटलं. पण थोड्याच दिवसांत तिचं काम गेलं, दुसरीकडं पाहावं लागलं. अन् माही बदली झाली, रसमड्याच्या बाजूले. कारण काय लिहिलं? प्रशासकीय. वा रे प्रशासन! कुलूप लावणारा तिथंच, अन् शिकवणारी बाहेर.

घरचे म्हणतात, झालं ना आता, कितीक दिवस जळशील? मी म्हणते जळू द्या. रुखमिन आता नववीत आहे, मायचा फोन येते मधामधात, म्हणते पोरगी गुरुजीले सवाल विचारून हैराण करते. करू दे. खूप हैराण करू दे. एवढाच माहा आशीर्वाद आहे तिले.

इथल्या शाळेतही अलमारी आहे, सांगून ठेवते, अन् तिची चाबीही माह्याकडं नाई. उद्या श्वासाचा धडा आहे. बाटली मधातून कापाची, आत फुगा लटकवाचा, खालून दुसऱ्या फुग्याचं रबर ताणून बांधाचं, ओढलं का आतला फुगा फुगते, झालं फुफ्फुस. तुमची ही पाण्याची बाटली संपली ना? मंग फेकू नका, ठेवून जा इथंच. वर्गात पोरं पुष्कळ आहेत.