रविवारच्या बदल्यात

काळूराम : शहाऐंशी साली, तुझ्या केसर आत्याचं लगीन झालं त्या साली, आपली मिठागरं सरकारनं घेतली. तवापास्नं प्रकल्पग्रस्ताचा दाखला पेटीत पडून होता. त्यावर तुला नोकरी लागून तीन म्हयने झाले न्हाईत, तर तो साहेब रविवारीपन राबवतो. आजा जिता हाय तुझा अजून.

प्राप्ती : म्हणून काल पंधरा माणसं घेऊन यार्डाच्या फाटकावर बसलात?

काळूराम : सतरा. धर्माजी मागनं रिक्षानं आला.

प्राप्ती : आणि कंटेनरचे ट्रेलर अडवलेत.

काळूराम : अडवले न्हाय. आम्ही बसलो, ते थांबले. साहेबानं चहा पाजला. म्हनाला, बाबा, यापुढं प्राप्तीला रविवारी बोलावनार न्हाय. सरळ मानूस हाय.

प्राप्ती : आबा, त्यांनी मला कधी बोलावलंच नव्हतं. रविवारची ड्युटी मी मागून घेत होते.

काळूराम : मागून?

प्राप्ती : एक रविवार केला की एक बदली सुट्टी साठते. सहा हव्या होत्या, चार झाल्या होत्या. आता साहेब म्हणतात, त्या चारही याच महिन्यात एकेक करून संपव, पुन्हा तुझा आजा फाटकावर नको.

काळूराम : सहा दिवस कशाला? पोरगा बघितलास काय कुठं?

प्राप्ती : भोपाळला जायचंय.

काळूराम : भोपाळचा हाय?

प्राप्ती : पोरगा नाही हो. लष्करात अधिकारी निवडतात, त्यासाठी. लेखी परीक्षा पास झाले मी. आता पाच दिवस तिथे राहायचं. अडथळे पार करायला लावतात, गटात बोलायला लावतात, मुलाखत घेतात. जाणं-येणं धरून सात दिवस. त्यातला एक रविवार आपलाच.

काळूराम : म्हनून सकाळची बांधावर धावतेस. मी गावात सांगतोय, पोरगी वजन उतरवते.

प्राप्ती : तेही उतरलं.

काळूराम : तुझ्या आईला ठाव हाय?

प्राप्ती : आहे. ती म्हणाली, आबांना तूच सांग.

काळूराम : मग काल मला अडवलं का न्हाय तिनं?

प्राप्ती : वाल बघून येतो म्हणून निघालात तुम्ही. भाकरी पण बांधून घेतलीत.

काळूराम : ते खरं. आनि निवडलं तर?

प्राप्ती : डॉक्टरी तपासणी. मग यादी. यादीत नाव आलं तर चेन्नईला अकरा महिने प्रशिक्षण. तेव्हा नोकरी सोडीन.

काळूराम : दाखल्याची नोकरी.

प्राप्ती : हो.

काळूराम : एका दाखल्यावर एकच मानूस घेतात. तू उठलीस की ती जागा आपल्या घराची न्हाय.

प्राप्ती : माहीत आहे, आबा.

काळूराम : आनि न्हाय निवडलं तर?

प्राप्ती : दुसऱ्या दिवशी आठच्या पाळीला हजर. पुढच्या वेळी पुन्हा बसायचं.

काळूराम : एवढंच करायचं तर आत्ताच सोड आनि घरी अभ्यास कर.

प्राप्ती : शंभरातले मोजके घेतात. घरात बसून पत्राची वाट बघणं मला जमणार नाही. काम करत करतच जायचं.

काळूराम : उद्या सकाळी तुझ्याबरोबर येतो. घोळ मी घातला, मीच निस्तरतो.

प्राप्ती : एकटे या.

काळूराम : धर्माजीला तिथला चहा आवडलाय. पन एकटा येतो.

(सोमवारी सकाळी, यार्डाच्या फाटकावर. व्यवस्थापक विनेश बाहेर येतात.)

विनेश : आजोबा, परत? रविवारचं शनिवारीच मिटवलं ना आपण?

काळूराम : मिटलेलं उघडायला आलोय. पोरीला रविवारी कामाला लावा.

विनेश : सतरा जण सांगून गेले, लावू नका.

काळूराम : माझी चूक झाली. पुरतं ठाव न करता बसलो. तिला त्याचा ताप नको.

विनेश : प्राप्ती, काय चाललंय?

प्राप्ती : सर, लष्कराच्या निवडीसाठी बोलावणं आलंय. साठलेल्या चार सुट्ट्या राहू द्या, अजून दोन रविवार करते. माझ्याकडची कागदपत्रं जाण्याआधी पूर्ण करीन. त्या दिवसांत पूनम माझं टेबल बघायला तयार आहे.

विनेश : हे आधी सांगायचं होतंस.

प्राप्ती : कायम व्हायच्या आधीच काढून टाकाल, असं वाटलं.

विनेश : नाही काढणार. ड्युटीचा तक्ता पहिल्यासारखा करतो, जाऊन ये. पण आजोबा, तुम्हाला स्पष्ट सांगतो. ही उद्या तिकडे गेली तर तुमच्या दाखल्यावर दुसरं कुणी घेता येणार नाही. घरात अजून पोरं असतील. मग फाटकावर बसायचं नाही.

काळूराम : न्हाय बसनार. लिहा, मी सही करतो.

विनेश : इतकी वर्षं जपलेला कागद आहे. घाई कशाला?

काळूराम : साहेब, त्या कागदावर आधी हिच्या बापाचं नाव दिलं होतं. रघूचं. आज बोलावनं येईल, उद्या येईल, म्हनून त्यानं वीस वर्षं दुसरं काम धड धरलं न्हाय. दोन हजार सोळा साली, मार्चच्या नऊ तारखेला, तो वारला. बोलावनं काय आलं न्हाय; आता त्या कागदापायी हिला अडकवनार न्हाय.