सबा शहरात मोडते

तुम्हीच सांगा, कुंडलची पोरगी शहरातली कधी झाली? जन्म कुंडलचा, बाप कुंडलचा, रेशनकार्डावर नाव कुंडलचं, चपला फरफटत चालायची सवयसुद्धा आमच्याच गल्लीतली, आणि तो साहेब कागदावर बोट ठेवून मला म्हणतो, "मावशी, तुमची मुलगी शहरी भागात मोडते." मोडते म्हणे... आमचे हे, बादशहा, गाद्या शिवणारा साधा माणूस, आयुष्यात कधी साहेबापुढं तोंड उघडलं नाही, तेसुद्धा हळूच म्हणाले, "साहेब, पोरगी हाय ती, खुर्ची न्हाई मोडायला." साहेब हसले नाहीत.

तसं नाही कळायचं तुम्हाला, थांबा, नीट सांगते. जिल्ह्याला एक सरकारी निवासी शाळा आहे, नववी ते बारावी, राहणं-खाणं-पुस्तकं सगळं सरकारचं, प्रयोगशाळा अशी की आमची सबा एकदा बघून आली आणि आठ दिवस झोपेत काचेच्या नळ्या मोजत होती. जागा ऐंशी आणि परीक्षेला पोरं पाच हजार. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नाही, मीसुद्धा दहावीलाच थांबले, म्हणजे थांबवलं मला. सबाचं तसं होऊ नये, एवढंच माझ्या मनात. पोरीच्या भल्यासाठीच ना?

सातवीपर्यंत ती गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. चांगले गुरुजी होते हो, फळ्यावर अक्षर बघत राहावं असं. पण शेजारी जोतीराम फौजी, रिटायर होऊन आल्यापासून अख्ख्या आळीला सल्ले देतात, ते म्हणाले, "भाभी, हितं पाया कच्चा ऱ्हातोय. शहरात घाला. तिथं पोरं घासून निघत्यात." घासून निघतात म्हटल्यावर मला काय, डोळ्यासमोर भांडीच आली, लखलखीत. घातली आठवीला शहरात, विश्रामबागच्या शाळेत. पहाटे पाचला उठायचं, सहाची कुंडल-मिरज गाडी, पहिल्या आठवड्यात पोरगी दोनदा झोपेत पुढं मिरजेला जाऊन परत आली, मी डब्यात चटणी-भाकरीबरोबर गूळ द्यायला लागले, म्हणजे निदान जागी राहील... का केलं हे सगळं? पोरीच्या भल्यासाठीच केलं.

आणि मार्क पडले की! एक्क्याऐंशी. यादी लागली तशी मी भिंतीला नाक लावून ग्रामीणच्या यादीत तीनदा नाव शोधलं. चौऱ्याहत्तर मार्कांपर्यंत पोरं आत. आयेशाचं नाव होतं, पंच्याहत्तर, गावच्या शाळेतली, सबाच्या जुन्या बाकावरची, जिला सबानं रविवारी आमच्या ओट्यावर बसवून गणितं शिकवली. चांगलं झालं तिचं, मी खोटं नाही सांगत, पण मग एक्क्याऐंशीवाली कुठं गेली? तर शेजारी दुसरी यादी, शहरी. तिथं सत्त्याऐंशीला दार बंद.

गुरुवारी त्या निवासी शाळेत पालकांना बोलावलं होतं, शंका विचारायला. गाडी करून गेलो आम्ही, मी, हे, फौजी आणि आमच्या गल्लीतली पूजा. पूजाचा शिवतेज यंदा आठवीत जाणार, म्हणून ती आधीच बघून ठेवायला आलेली. गेलो तर तिथं परीक्षेवरच जुंपलेली. फौजी उठले, "पेपर लय सोपा झालाय. निवडीची शाळा हाय का धर्मशाळा? आणखी अवघड काढा." लगेच पूजा उठली, "आवं, आठवीच्या पोराला किती पिळायचं? परीक्षाच नको. चिठ्ठ्या टाका न् उचला." फौजी म्हणाले, "चिठ्ठ्या भिशीत टाकत्यात." ती म्हणाली, "भिशीत कवातरी परत्येकाचा नंबर लागतो. हितं लागतो का?" अर्धी सभा हसली, अर्धी चिडली, मग कुणी म्हणे बीजगणित कमी करा, कुणी म्हणे वाढवा, कुणी म्हणे पोरं रात्री रडतात, कुणी म्हणे रडल्याशिवाय इंजिनिअर होतात का... दोन तास. मी हात वर करून बसलेली. हात दुखला तसा बदलला.

शेवटी साहेबांनी विचारलं, मावशी तुमचं काय? मी सांगितलं. तर ते म्हणाले, आठवी ज्या शाळेत, ती शाळा ज्या हद्दीत, त्यावर ठरतं. विश्रामबाग महापालिकेत येतं. "पत्रकात पान तीनवर आहे." मी वाचलं होतं हो पान तीन. "ग्रामीण भागातील विद्यार्थी" इथपर्यंत वाचलं आणि मनात म्हटलं, हे आपणच की, पुढं कशाला वाचायचं?

म्हटलं, "साहेब, पोरगी सात तास शहरात असते. बाकीचे सतरा तास कुंडलला. जेवते कुंडलला, झोपते कुंडलला."

"झोप धरत नाहीत, मावशी. शाळा धरतात."

"मग पुढच्या वर्षी?"

"प्रवेश नववीलाच. एकदाच."

बाहेर आल्यावर फौजींनी मिशी चोळली. मग म्हणाले, "भाभी, सहा मार्कं आनखी पाडायला पायजे हुती." त्यांनीही पोरीच्या भल्यासाठीच सांगितलं होतं.

परत येताना गाडीत पूजा माझ्या शेजारी. "भाभी, एक्क्याऐंशी म्हंजी चेष्टा हाय का? विश्रामबागची शाळा भारीच म्हणायची." मी तिला पलूस येईस्तोवर समजावलं, अगं बाई, सबा गावातच राहिली असती तर आज लागली असती, गाव सोडलं म्हणून गेली जागा, तू तरी शिवतेजला इथंच ठेव. ती म्हणाली, "व्हय की." मी म्हटलं, कळलं ना नक्की? "कळलं की भाभी, न कळायला काय झालं." मला तेवढंच बरं वाटलं. आपलं गेलं, पण कुणाचं तरी वाचलं.

घरी सबा दारातच बसली होती. आमची तोंडं बघूनच कळलं तिला. आत गेली, गणिताची वही घेऊन आली, म्हणाली, "अम्मी, आयेशाला दे. तिथं पहिल्याच महिन्यात लागेल." मग ताटं घ्यायला लागली, तिघांची तीन, एकसुद्धा चुकली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा सहाच्या गाडीनं विश्रामबागला गेली आणि शिवतेजचं नाव आठवीत घालून आली.