शाईचा अंगठा

देवळाली कॅम्पहून नाशिकला निघालेल्या बसमध्ये धनराज खिडकीशी बसला होता. सैनिकांची जुनी पत्रं जमवून त्याने प्रदर्शन मांडलं होतं आणि ते आज उघडायचं होतं. मागच्या सीटवर सासू-सुनेचं बोलणं चाललं होतं.

“आई, पत्रं काचेत असतील. हात लावू देणार नाहीत.”

“माझ्या नवऱ्याची हायेत. लावीन.”

“आपल्या मयूरनं प्रदर्शनाला देऊन टाकलीत ती. बाबांनी ढाक्याची शरणागती डोळ्यांनी बघितली, तो इतिहास आहे म्हणे.”

“ते पोस्टमननं तवाच वाचून दाखवलं. लढाई संपंस्तोवर दोन कप चहा प्यायचा. मला खालच्या कोपऱ्यातला अंगठा बघायचाय.”

“अंगठा कशाला? बाबा सही करायचे ना?”

“मला सही कुठं वाचता येती? म्हणून शाई लावून अंगठा उठवायचे. मी त्याच्यावर माझा ठेवायची. मग कळायचं, माणूस जित्ता हाय.”

पत्रं फ्रेममध्ये नीट बसावीत म्हणून धनराजने स्वतः त्यांच्या कडा कापल्या होत्या. कोपऱ्यांतले शाईचे डाग त्या कात्रणांबरोबर कचऱ्यात गेले होते.

“अहो दादा, सैनिकांच्या पत्रांचं प्रदर्शन आहे ना, त्याला कुठं उतरायचं?” सुनेने पुढे वाकून धनराजला विचारलं.

“पुढच्याच स्टॉपला. समोरच हॉल आहे.”

“उघडला असंल का रे?” म्हातारीने विचारलं.

“उघडतील आता.”

दोघी उतरल्या. सुनेचा हात धरून म्हातारी रस्ता ओलांडू लागली. बस सुटली, तेव्हा धनराज खिडकीशीच बसला होता आणि हॉलची किल्ली त्याच्या मुठीत होती.