सीट धरणारा हात

ओरेस्ते : ...तर बोलोन्याला मी शर्यतीच्या रेषेवर त्या बेन्वेनुतोच्या सायकलची सीट मागून अशी घट्ट धरली होती, की सुटायचा बार झाला, गडी सुटला आणि सीट माझ्या हातातच राहिली. अख्खा किलोमीटर उभ्यानं मारला त्यानं. वर जिंकला.

इवो : मागच्या नाताळात सांगितलंत तेव्हा तो हरला होता, बाबा.

ओरेस्ते : तेव्हा तुझी आई समोर बसली होती. तिच्यासमोर बेतानंच सांगावं लागतं. पाव का टाकलास? शर्यतीच्या सकाळी उपाशी?

इवो : जात नाहीये. बाबा, संघ निवडणारे म्हणत होते, आज सीट धरायला त्यांचाच माणूस देणार. नवा नियम आहे म्हणे.

ओरेस्ते : कोण म्हणालं?

इवो : ते... रोमहून आलेत ते.

ओरेस्ते : रोमवाले आत्ताच माझ्याबरोबर कॉफी प्यायले. नियमाचं काही बोलले नाहीत. कालचं बोलले. इवो बार व्हायच्या आधीच हलला, तसं त्यानं कबूल केलं, म्हणाले. आज पुन्हा हलला तर बाद. ऑलिंपिकला दुसरा कुणीतरी जाईल, आणि चार वर्षांनी तुला कोण विचारतंय?

इवो : घाई झाली माझी.

ओरेस्ते : तुझी? तू जन्माला येईना म्हणून सुईण कंटाळून घरी गेली होती. आणि दोन्ही पाय पेडलला बांधलेला माणूस कसली घाई करणार? त्याला उभं धरलेलं असतं ते मी. हात माझा हलला ना?

इवो : ...हो.

ओरेस्ते : कधीपासून कळतंय तुला?

इवो : वसंतापासून. सीटमधून थरथर पाठीत चढायची. आधी वाटलं, आपणच घाबरतोय.

ओरेस्ते : मला वाटलं, वाइन जास्त होतेय. कमी केली. डॉक्टर म्हणाला, हे वाइनचं नाही, आणि थांबणारही नाही. आईला बोलू नकोस.

इवो : आई हल्ली तुमचा कॉफीचा कप अर्धाच भरते, बाबा. कशासाठी, वाटतं तुम्हाला?

ओरेस्ते : ...आपल्या मेकॅनिकला, गाल्दिनोला हाक मार. त्याचे पंजे खाटकाचे आहेत, पण हलत नाहीत. सांग त्याला, ढकलायचं नाही, अडवायचं नाही. नुसतं सोडायचं. अवघड तेवढंच असतं.

इवो : आणि तुम्ही?

ओरेस्ते : मी समोर थांबतो, कठड्यापाशी. इतकी वर्षं मागं वाकून तुझी पाठच बघितली. सुटताना तुझा चेहरा कसा होतो, मला ठाऊकच नाही.